टोस्टर, कॉफीचं भांडं आणि आपला ओटा

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या कार्यक्रमात ब विंगमधील एका ज्येष्ठ सभासद भगिनींनी केलेल्या भाषणाचा मजकूर. वक्त्या वीज खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाल्या आहेत. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



सर्वसाधारण सभेला कोरम होत नाही म्हणून अर्धा तास थांबावं लागतं, आणि आज खुर्च्या कमी पडल्या. याचा अर्थ विषयाला मागणी आहे, किंवा नंतरच्या मिसळीला आहे. काहीही असो, आलात याचा आनंद आहे.

मला दिलेला विषय असा: इंटरनेटला जोडलेली स्वयंपाकघरातली उपकरणं खरोखर उपयोगी असतात का? विषय अगदी वेळेवर आहे. आपल्या इमारतीला पंचवीस वर्षं झाली. बिल्डरने दिलेले ओटे आणि टाइल्स आता थकल्यात. तिन्ही विंगमध्ये कुठे ना कुठे स्वयंपाकघर फोडण्याचं काम चालूच असतं. ज्यांच्याकडे झालं ते बाकीच्यांना सांगतात, "आता घेताना सगळं स्मार्टच घ्या." दुकानातला विक्रेताही तेच सांगतो. फ्रिज वाय-फायचा, मायक्रोवेव्ह वाय-फायचा, चिमणी वाय-फायची, पाण्याचा फिल्टरसुद्धा वाय-फायचा. त्यासाठी वर काही हजार रुपये मोजायचे. ते मोजावेत का, हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न जास्त नाजूक आहे. आपल्याकडे अनेक घरांत आता फक्त आजी-आजोबा राहतात. मुलं बंगळुरूला, दुबईला, अमेरिकेला. ही मुलं सुट्टीला आली की आईबाबांसाठी अशी उपकरणं घेऊन देतात. त्यामागे काळजी असते. त्या काळजीला हे यंत्र पुरं पडतं का, हे बघायला हवं.

मी नोकरीत विजेचं काम केलं आणि चाळीस वर्षं घरचा स्वयंपाक केला. तेव्हा दोन्हीकडून बोलते.

आधी थोडा इतिहास. १९९० साली अमेरिकेत इंटरऑप नावाच्या प्रदर्शनात जॉन रॉमकी या अभियंत्याने एक टोस्टर इंटरनेटला जोडून दाखवला. संगणकावरून आज्ञा दिली की टोस्टर सुरू, आज्ञा दिली की बंद. लोक थक्क झाले. फक्त एक अडचण होती. पावाचा तुकडा टोस्टरमध्ये कोणीतरी हाताने ठेवावा लागायचा! पुढच्या वर्षी त्यांनी पाव उचलून ठेवणारा छोटा यांत्रिक हातही जोडला. पण घरी टोस्ट करणाऱ्या माणसाला विचारा. पाव ठेवायला टोस्टरपाशी जायचंच आहे, तर बटण दाबायला संगणक कशाला?

आता दुसरी गोष्ट. १९९१ साली इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत ट्रोजन रूम नावाच्या खोलीबाहेर कॉफीचं एक भांडं असायचं. वेगवेगळ्या मजल्यांवरची मंडळी जिने चढून यायची आणि भांडं रिकामं सापडायचं. म्हणून तिथल्या लोकांनी भांड्यासमोर कॅमेरा लावला. आपापल्या जागेवर संगणकाच्या पडद्यावर छोटंसं काळं-पांढरं चित्र दिसे. कॉफी असेल तर उठायचं, नसेल तर बसायचं. १९९३ मध्ये ते चित्र साऱ्या जगाला दिसू लागलं आणि २००१ च्या ऑगस्टमध्ये कॅमेरा बंद होईपर्यंत लोक ते बघत राहिले.

या दोन गोष्टी मी मुद्दाम शेजारी ठेवल्या. टोस्टर काम करायला गेला आणि त्याला माणूस लागलाच. कॉफीचं भांडं काहीच करत नव्हतं. तिथे नसलेल्या माणसाला ते फक्त एक खबर देत होतं, आणि तेवढ्याने जिना वाचत होता. आज पस्तीस वर्षांनंतरही माझं मत त्यावरच बेतलेलं आहे. इंटरनेटचा उपयोग रांधण्यात फार कमी आहे, राखणीत आहे. जो ओट्यापाशी उभा आहे त्याला त्याची गरज नाही. जो तिथे नाही, किंवा आहे पण त्याला दिसत नाही, वास येत नाही, आठवत नाही, त्याला आहे.

आता आपल्या सोसायटीच्या जन्मवर्षाची गंमत सांगते. २००० साली इकडे आपली नोंदणी झाली आणि तिकडे एलजी कंपनीने इंटरनेटचा फ्रिज बाजारात आणला. दारावर पडदा, त्यावर टीव्ही, निरोप, आत काय आहे त्याची यादी. किंमत वीस हजार डॉलरच्या वर. तो चालला नाही. महाग होता हे खरंच, पण स्वस्त झाल्यावर तरी काय? गेल्या पंचवीस वर्षांत असे फ्रिज कितीतरी आले, आता आत कॅमेरेही असतात. बाजारात उभं राहून घरचा फ्रिज फोनवर बघता येतो. ऐकायला छान आहे.

पण आपला फ्रिज डोळ्यांसमोर आणा. आइस्क्रीमच्या डब्यात मटार. श्रीखंडाच्या डब्यात आलं-लसणाचं वाटण. स्टीलच्या तीन सारख्या डब्यांत अनुक्रमे सायीचं विरजण, भिजवलेले छोले आणि कालची आमटी. कोथिंबीर कागदात गुंडाळलेली, मिरच्या पिशवीत. कॅमेऱ्याला काय कळणार? तो सांगेल, घरात श्रीखंड आहे! ज्या देशांत प्रत्येक वस्तू छापील वेष्टनात येते तिथे ही युक्ती थोडी तरी चालते. आपल्याकडे भाजी जुडीने येते आणि उरलंसुरलं डब्यात जातं. यादी फ्रिज ठेवत नाही, आपल्यालाच त्याला सांगावी लागते. त्यापेक्षा फ्रिजच्या दारावरचा कागद आणि पेन्सिल बरी.

आता रांधण्याकडे वळू. जाहिरातीत दाखवतात की बाई ऑफिसातून निघताना फोनवर बोट टेकवते आणि घरी कुकर सुरू होतो. हे आपण नीट तपासू. संध्याकाळी सहाला कुकर लावायचा तर सकाळी आठलाच डाळ-तांदूळ धुऊन पाण्यात घालून ठेवायला हवेत. म्हणजे आपल्या हवेत दहा तास. एप्रिल-मे महिन्यात दहा तास भिजलेले तांदूळ आंबूस होतात. इडलीचं पीठ आंबावं म्हणून आपण दुसरं काय करतो? शिजवलेलं अन्नही दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये म्हणतात. भातात तर असे जंतू असतात की त्यांचे बीजाणू शिजवल्यावरही उरतात आणि कोमट भातात वाढतात. म्हणजे फोनवरून शेगडी पेटवता आली तरी अन्न त्यासाठी थांबत नाही.

शिवाय आपला स्वयंपाक एका बटणाचा नाही. मोहरी तडतडली की हिंग, मग कढीपत्ता, मग लगेच भाजी. कणीक सैल झाली की हाताला कळतं. पोळी फुगली की नजरेला कळतं. तिथे उभं राहावंच लागतं. आणि जो उभा आहे त्याला फोन बाजूला ठेवून बटण फिरवणं सोपं, कारण हाताला पीठ लागलेलं असतं.

अमेरिकेतल्या एका यंत्राची हकीकत यासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. २०१६ मध्ये ज्युसेरो नावाचं रस काढायचं यंत्र आलं. किंमत आधी ६९९ डॉलर, मग ३९९. ते वाय-फायला जोडायचं, कंपनीचीच चिरलेल्या फळांची पाकिटं त्यात घालायची. २०१७ च्या एप्रिलमध्ये ब्लूमबर्गच्या बातमीदारांनी ते पाकीट नुसतं हाताने पिळून दाखवलं, जवळपास तेवढाच रस निघाला! सप्टेंबरमध्ये कंपनी बंद झाली. आपण लिंबू हातानेच पिळतो, तेव्हा आपल्याला यात नवल वाटू नये.

आणखी एक गोष्ट दुकानात कोणी विचारत नाही. घरात उपकरण वापरणार कोण? आपल्या निम्म्याअधिक घरांत सकाळचा स्वयंपाक मावशी करतात. ॲप वहिनींच्या फोनमध्ये, वहिनी ऑफिसात, पासवर्ड दादांना माहीत, आणि मावशी चिमणीसमोर उभ्या! ज्या वस्तूला साधं, हाताने दाबायचं बटण नाही ती वस्तू आपल्या स्वयंपाकघरात निरुपयोगी आहे. याच ओघात सांगते, मावशींवर नजर ठेवायला ओट्यावर कॅमेरा लावण्याची टूम निघाली आहे. लावायचाच असेल तर त्यांना सांगून लावा. ज्यांच्या हातचं खातो त्यांच्याशी असं चोरून वागू नये.

आता उपयोग कुठे आहे ते सांगते, कारण मी विरोधात बोलायला उभी नाही.

पहिला उपयोग गॅसचा. सिलिंडरच्या गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वासाचं द्रव्य मिसळतात. पण वय वाढलं की वास घेण्याची शक्ती कमी होते, आणि ते स्वतःला समजतही नाही. अशा घरात गॅसगळती ओळखणारं यंत्र लावणं शहाणपणाचं आहे. ते मोठ्याने वाजतंच, पण इंटरनेटला जोडलेलं असेल तर फोनवर निरोपही जातो. मात्र तीन गोष्टी लक्षात ठेवा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो, म्हणून यंत्र जमिनीजवळ लावायचं. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, तो वर जातो, म्हणून ते छताजवळ. आपल्याकडे दोन्ही प्रकारची घरं आहेत, तेव्हा शेजाऱ्याने जिथे लावलं तिथे डोळे झाकून लावू नका. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गळती झाल्यावर विजेचं कोणतंही बटण चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही. काही जण हौसेने अशी जोडणी करतात की गॅस कळला की एक्झॉस्ट फॅन आपोआप सुरू होईल. साध्या पंख्याच्या बटणात ठिणगी पडते. ते करू नका. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, घराबाहेर पडायचं आणि १९०६ या क्रमांकावर फोन करायचा. पाइप गॅसवाल्यांनी आपल्या कंपनीचा आपत्कालीन क्रमांक दाराजवळ लिहून ठेवावा.

दुसरा उपयोग औषधांचा. न उघडलेलं इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. फ्रिज बिघडला आणि घरची माणसं गावाला असली तर कळत नाही. आत ठेवायचा छोटा तापमापक मिळतो, तो फोनवर खबर देतो. इथे एक मेख आहे. वीज गेली की फ्रिज बंद होतो आणि राउटरही बंद होतो. मग खबर जाणार कशी? राउटर इन्व्हर्टरवर हवा. नाहीतर कमीत कमी आणि जास्तीत जास्त तापमान लक्षात ठेवणारा, बॅटरीवर चालणारा साधा तापमापक घ्या. तो आल्यावर खरं सांगतो आणि त्याला इंटरनेट लागत नाही.

तिसरा उपयोग ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसतं त्यांना. पूर्वी मायक्रोवेव्हला फिरवायचे खटके होते, बोटांना समजायचे. आता गुळगुळीत काच आली. अंध माणसाला त्या काचेवर काहीच सापडत नाही. अशा वेळी तोंडाने सांगून चालणारं उपकरण म्हणजे चैन नव्हे, स्वतःचा चहा स्वतः गरम करता येणं आहे. घेण्याआधी ज्यांना वापरायचं त्यांनाच दुकानात नेऊन बोलून बघू द्या. कोणत्या भाषेत कळतं, किती वेळा सांगावं लागतं, ते तिथेच समजेल. आणि खटक्याचा मायक्रोवेव्ह अजून मिळत असेल तर तोही बघा.

म्हणजे बघा, तिन्ही ठिकाणी यंत्र रांधत नाही. खबर देतं किंवा एखाद्याच्या डोळ्यांची उणीव भरून काढतं.

आता खर्चाची बाजू. चांगला फ्रिज बारा-पंधरा वर्षं चालतो. ॲप किती वर्षं चालेल हे तो बनवणाऱ्याच्या मर्जीवर. सॅमसंगच्या एका फ्रिजच्या पडद्यावर गूगलचं कॅलेंडर दिसायचं. २०१४ च्या अखेरीस गूगलने आपली जुनी पद्धत बंद केली आणि ते दिसेनासं झालं. फ्रिज चांगला थंड करत होता, पण ज्या गोष्टीसाठी वर पैसे दिले तीच गेली. इंग्लंडमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कायदाच आहे. अशा वस्तूला सगळीकडे एकच, सहज ओळखता येणारा पासवर्ड देता येत नाही, आणि सुरक्षेसाठीच्या सुधारणा किमान किती काळ मिळतील ते विकतानाच जाहीर करावं लागतं. आपणही दुकानात हा प्रश्न विचारायला लागू. विक्रेत्याला उत्तर येणार नाही, पण विचारणारे वाढले की कंपनीपर्यंत पोचतं.

वीज किती जाते हेही मला विचारतात. उपकरण बंद असतानाही वाय-फायचा भाग जागा असतो. समजा तो २ वॅट घेतो. २ गुणिले २४ तास गुणिले ३६५ दिवस, म्हणजे वर्षाला साडेसतरा युनिट. एका वस्तूला फार नाही. अशा पाच वस्तू असल्या तर सत्त्याऐंशी युनिट, काहीही न शिजवता. आपापल्या बिलातल्या दराने गुणून बघा.

आणि आता माझ्या खात्यातला विषय, तो मी सोडणार नाही. २००० साली बिल्डरने आपल्या स्वयंपाकघरात पंधरा ॲम्पिअरचा एक पॉइंट दिला आणि पाचचे दोन. २३० व्होल्टला पाच ॲम्पिअर म्हणजे ११५० वॅट. त्यावर आज काय काय चालतं? दीड हजार वॅटची किटली कन्व्हर्टर लावून. दोन हजार वॅटची इंडक्शन शेगडी एक्स्टेन्शनवर. आणि त्याच बोर्डावर स्मार्ट प्लग! पंचवीस वर्षांची वायर भिंतीत तापते ते कोणतंही ॲप सांगत नाही. हात लावल्यावर प्लग गरम लागतो, कधी जळका वास येतो, तेव्हा कळतं. स्वयंपाकघर फोडलंच आहे तर आधी वायरमनकडून जड उपकरणांसाठी स्वतंत्र लाइन, योग्य एमसीबी, चांगलं अर्थिंग आणि गळती झाल्यावर वीज तोडणारा आरसीसीबी बसवून घ्या. वाय-फायचे पैसे त्यातून उरले तर बघू.

उष्णता निर्माण करणारं काहीही दुरून सुरू होऊ देऊ नका. २०१९ मध्ये अमेरिकेत जून नावाच्या वाय-फाय ओव्हनच्या काही मालकांचे ओव्हन मध्यरात्री आपोआप सुरू होऊन ४०० फॅरनहाइटला, म्हणजे दोनशे अंश सेल्सिअसच्या वर तापले. कंपनीचं म्हणणं पडलं की ॲपवर चुकून बोट लागलं असेल. तसं असेल तरी धडा तोच. दुरून बंद करता आलं तर उत्तम. दुरून सुरू करणं नको.

तेव्हा घेताना दुकानात चार प्रश्न विचारा. इंटरनेट गेलं तर ही वस्तू पूर्ण चालते का? घरातल्या सगळ्यांना, मावशींना आणि आजींना, ॲपशिवाय वापरता येते का? सुधारणा किती वर्षं मिळणार? आणि चिमणीच्या ॲपला माझ्या फोनमधले नंबर आणि मी कुठे आहे ते कशाला हवं? घरी आणल्यावर पासवर्ड बदला, राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क असतं त्यावर ही उपकरणं ठेवा, आणि वस्तू विकताना किंवा भाडेकरूला घर देताना आपलं खातं त्यातून पुसा.

शेवटचा मुद्दा, आणि मला वाटतं हाच आपल्या सोसायटीचा आहे.

समजा, क विंगमध्ये रात्री दोन वाजता गॅसचं यंत्र वाजलं. आजींनी कानातलं यंत्र काढून ठेवलेलं. निरोप एका सेकंदात न्यू जर्सीला मुलाच्या फोनवर पोचला. त्याने पाहिला, घाबरला. आता तो काय करणार? रेग्युलेटर न्यू जर्सीहून बंद होत नाही. त्याला समोरच्या दाराचा फोन नंबर हवा, आणि समोरच्या दारात किल्ली हवी.

निरोप पोचवायचं काम इंटरनेट उत्तम करतं. पुढे दार उघडायला माणूस लागतो, तो याच मजल्यावरचा. म्हणून कमिटीला माझी सूचना आहे. ज्या घरांत ज्येष्ठ मंडळी एकटी आहेत त्यांच्या संमतीने एक यादी करावी. त्यांच्या यंत्राचा निरोप मुलांबरोबर याच विंगमधल्या दोन शेजाऱ्यांच्या फोनवर यावा, आणि त्यातल्या एकाकडे जादा किल्ली असावी. रात्रीच्या वॉचमनला गॅसगळतीत काय करायचं, काय नाही, हे कोणीतरी शिकवावं. मी शिकवायला तयार आहे. आणि पूर्ण इमारतीच्या वायरिंगची तपासणी या रौप्यमहोत्सवी वर्षातच करून घ्यावी. रोषणाईच्या खर्चातून थोडं वाचवलं तर सुरुवात नक्की होईल. खजिनदार माझ्याकडे बघताहेत, म्हणून आकडा सांगत नाही.

आपण पंचवीस वर्षांपूर्वी राहायला आलो तेव्हा पाणी आलं की एकमेकांची दारं वाजवून सांगायचो. तीही राखणच होती. आता त्या जोडीला एक नवं साधन मिळालं आहे. ते जरूर घ्या, पण कशासाठी घेतो हे ठरवून घ्या.

 सोसायटीच्या पुढच्या पंचवीस वर्षांना मनापासून शुभेच्छा. आणि आता मिसळ गरम आहे तोवर चला.